गरोदरपणातला स्वॅबचा रिपोर्ट: जंतू सापडले म्हणजे आजार झाला का?

सातवा महिना लागला आहे. अंगावरून पांढरं जातं म्हणून तुम्ही तपासायला गेलात, तिथे स्वॅब घेतला. तीन दिवसांनी रिपोर्ट आला आणि त्यावर लिहिलं होतं: 'ई. कोलाय, मध्यम वाढ'. त्याखाली दहा-बारा औषधांची यादी, प्रत्येकापुढे 'एस' नाहीतर 'आर'. डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढच्या आठवड्यातली. तेवढ्या दिवसांत घरात काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सासूबाई म्हणतात, बाळाला काही होणार तर नाही ना? नवरा मोबाईलवर शोधत बसतो. कुणीतरी तो कागद मेडिकलवाल्याला दाखवतं आणि पाच दिवसांच्या गोळ्या घरी येतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. गरोदरपणात योनीच्या स्वॅबमध्ये जंतू सापडणं हा आजार नाही. आजार आहे की नाही, हे तुमचा त्रास आणि डॉक्टरांनी केलेली तपासणी मिळून ठरतं. रिपोर्ट त्याला मदत करतो, त्याची जागा घेत नाही. आणि याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. त्रास असताना लाजेपोटी गप्प राहणं हे विनाकारण गोळ्या घेण्याइतकंच धोक्याचं आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या भागात एकाच वेळी घडताना दिसतात, म्हणून हा लेख.

तिथे जंतू असतातच

योनी ही निर्जंतुक जागा नाही आणि तशी असूही नये. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू मोठ्या संख्येने राहतात. दह्यातल्या जंतूंचे ते भाऊबंदच म्हणा. जर्मन डॉक्टर अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ च्या दरम्यान, म्हणजे आंबट राहतो आणि बाहेरच्या जंतूंना तिथे तग धरणं अवघड जातं. शरीराने स्वतःसाठी ठेवलेली ही राखण आहे.

दिवस गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं, त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो आणि स्रावही वाढतो. पांढरट किंवा दुधाळ, वास नसलेला किंवा अगदी सौम्य वासाचा, खाज-आग नसलेला स्राव गरोदरपणात वाढला तर तो बहुतेक वेळा नॉर्मल असतो. "पांढरं गेलं की हाडं झिजतात", "अंगातली ताकद निघून जाते" असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य नाही. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासा. दोष बऱ्याचदा रक्त कमी असण्याचा असतो आणि आळ मात्र पांढऱ्या पाण्यावर येतो.

आता तो ई. कोलाय. हा आतड्यातला जंतू. गुदद्वार आणि योनी यांच्यात अंतर किती कमी असतं ते लक्षात घेतलं, तर तो योनीत सापडण्यात नवल काहीच नाही. क्लेबसिएला, एन्टेरोकोकस यांचंही तेच. खाज नाही, घाण वास नाही, ताप नाही, पाणी गेलेलं नाही, अशा बाईच्या स्वॅबमध्ये हे जंतू वाढले तर ते सहसा पाहुणे असतात. त्यांना हाकलण्यासाठी अँटिबायोटिक दिलं, तर ते औषध राखण करणाऱ्या लॅक्टोबॅसिलसलाही मारतं. मग जागा रिकामी होते, तिथे बुरशी वाढते आणि ज्या बाईला काही त्रास नव्हता ती आठ दिवसांनी खाजेची तक्रार घेऊन येते. पुन्हा स्वॅब, पुन्हा गोळ्या. हे चक्र कुठून सुरू झालं ते कुणी विचारत नाही.

मग आजार कोणते?

खरोखर उपचार लागणारे मुख्य प्रकार तीन. तिघांचं वागणं वेगळं, म्हणून औषधही वेगळं.

पहिला, बुरशी म्हणजे कॅन्डिडा. खूप खाज, आग, लाली, दह्याच्या गाठींसारखा पांढरा स्राव, वास जवळपास नाही. गरोदरपणात हा फार सामान्य. बाळाला यातून सहसा धोका नसतो, पण आईची झोप उडते. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या किंवा क्रीम सात दिवस वापरलं की बहुतेकींना बरं वाटतं. फ्लुकोनाझोलची तोंडाने घ्यायची गोळी गरोदरपणात टाळतात. बुरशी पुन्हापुन्हा होत असेल तर साखर तपासून घ्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करायची रक्ततपासणी राहिली असेल तर आधी ती करा.

दुसरा, बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात बाहेरून कुणी शत्रू येत नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि एरवी थोडे असणारे जंतू माजतात. स्राव पातळ, राखाडी, आणि मासळीसारखा वास. ओळखण्यासाठी चार खुणा आहेत: असा स्राव, पीएच ४.५ च्या वर, स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच येणारा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी लडबडलेल्या 'क्लू' पेशी. चारपैकी तीन असतील तर निदान पक्कं. यांना १९८३ पासून ॲम्सेलचे निकष म्हणतात. रिपोर्टवर 'न्यूजेंट स्कोअर' लिहिला असेल तर ० ते ३ नॉर्मल, ४ ते ६ मधला आणि ७ ते १० म्हणजे व्हजायनोसिस. याचं निदान कल्चरवर होत नाही, स्लाइडवर होतं. त्रास असेल तर मेट्रोनिडाझोल देतात. गरोदरपणात हे औषध नको म्हणून पुष्कळ जणी गोळ्या उशाखाली ठेवून देतात. पण गरज असताना डॉक्टरांनी दिलेलं मेट्रोनिडाझोल गरोदरपणात वापरता येतं, त्याचा मोठा अनुभव जगभर आहे.

तिसरा, ट्रायकोमोनास. हा एकपेशीय परजीवी. स्राव पिवळा-हिरवट, कधी फेसाळ, सोबत खाज आणि लघवीला आग. हा शारीरिक संबंधातून पसरतो, म्हणून नवऱ्याचाही उपचार एकाच वेळी व्हावा लागतो. एकटीनेच गोळ्या घेतल्या तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

इथे एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी ऐकावी. बुरशी आणि व्हजायनोसिस हे कुणाच्या चारित्र्याचे दाखले नाहीत. 'इन्फेक्शन' हा शब्द ऐकला की घरात संशयाला सुरुवात होते. बाई माहेरी पाठवली जाते, नाहीतर नवऱ्याशी भांडण होतं. एका कागदावरचा जंतू कोणता, हे समजून न घेता संसारात असा विस्तव टाकू नका. आणि जिथे जोडीदाराचा उपचार खरंच लागतो, तिथेही तो दोघांच्या आणि बाळाच्या भल्यासाठी असतो. दोष कुणाचा हे ठरवणं हा त्याचा हेतू नसतो.

'स्वॅब' ही एकच तपासणी नव्हे

कापसाची काडी तीच दिसते, पण ती कुठून फिरवली आणि प्रयोगशाळेला काय विचारलं, यावर उत्तर ठरतं. योनीच्या वरच्या भागातून घेतलेला स्वॅब कल्चरला जातो. बाजूच्या भिंतीवरचा स्राव स्लाइडवर लगेच बघायचा असतो, कारण ट्रायकोमोनास हालताना दिसला तरच ओळखू येतो आणि वेळ गेला की त्याची हालचाल थांबते. क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी जंतूंची जनुकं शोधणारी वेगळी तपासणी लागते. साध्या कल्चरमध्ये क्लॅमिडिया वाढतच नाही. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्यासाठी तर रक्तच द्यावं लागतं. म्हणजे "माझा स्वॅब नॉर्मल आला, आता रक्त कशाला?" हा विचार चुकीचा. सिफिलिस वेळेत सापडला तर पेनिसिलिनने बाळ वाचतं, म्हणून ती रक्ततपासणी कधीही टाळू नका.

ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या जंतूची गोष्ट आणखी निराळी. तो आईला सहसा काही करत नाही, पण बाळंतपणाच्या वेळी बाळाला लागला तर गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेत सगळ्या गर्भवतींचा योनीच्या खालच्या भागातून आणि गुदद्वारातून मिळून स्वॅब शेवटच्या महिन्याच्या सुमारास घेतात. ब्रिटनमध्ये सरसकट घेत नाहीत, धोका बघून ठरवतात. आपल्याकडेही सरसकट होत नाही. हा जंतू सापडला तरी औषध आधी देऊन उपयोग नसतो, कारण तो परत येतो. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन द्यायचं असतं. म्हणून असा रिपोर्ट असेल तर तो फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि बाळंतपणाला दाखल होताना स्वतःहून सांगा. तिथे गडबडीत फाईल चाळायला कुणाला वेळ मिळेलच असं नाही.

स्वॅब घेताना बाळाला इजा होते का, असं पुष्कळ जणी विचारतात. नाही. काडी योनीतच फिरते, पिशवीच्या आत जात नाही. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, मिनिटभराचं काम असतं. आदल्या दिवशी योनीत औषध ठेवू नका आणि आतून धुऊ नका, म्हणजे रिपोर्ट खरा येईल. मधेच सुरू केलेलं अँटिबायोटिक असेल तर तेही सांगा.

लघवीचा नियम इथे लावू नका

तुम्ही विचाराल, मग लघवीत जंतू सापडले की त्रास नसतानाही औषध का देता? प्रश्न रास्त आहे. गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये जंतूंची ठरावीक संख्येपेक्षा जास्त वाढ झाली, तर तक्रार नसली तरी उपचार करतात. कारण ते जंतू वर चढून मूत्रपिंडाला संसर्ग करतात आणि औषध दिल्याने तो धोका कमी होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

योनीच्या बाबतीत तसं सिद्ध झालेलं नाही. व्हजायनोसिस असलेल्या बायकांमध्ये वेळेआधी बाळंतपण जास्त होतं, हे खरं. म्हणून वाटलं होतं की सगळ्यांना तपासून औषध दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळं कमी होतील. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गर्भवतींची सुरुवातीच्या महिन्यांतच तपासणी करून हे पडताळून पाहिलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की एरवी धोका कमी असलेल्या बायकांना क्लिंडामायसिन दिल्याने वेळेआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत. म्हणूनच तक्रार नसलेल्या, आधीचं बाळंतपण नीट झालेल्या बाईला 'कशाला रिस्क' म्हणून स्वॅब करायला लावणं मला पटत नाही. ज्यांना त्रास आहे, ज्यांचं आधीचं मूल अपुऱ्या दिवसांचं झालं, ज्यांच्या आधीच्या बाळाला जन्मानंतर संसर्ग झाला, किंवा ज्यांचं पाणी वेळेआधी गेलं, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे स्वॅब कधी आणि कोणता, हे डॉक्टर विचार करूनच ठरवतात.

आणि तो 'एस' काय सांगतो? प्रयोगशाळेच्या बशीत ते औषध त्या जंतूवर चालतं, एवढंच. ते गर्भवतीला चालतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांच्यापुढे 'एस' असू शकतो आणि तरीही ही औषधं गरोदरपणात टाळायची असतात. यादी बघून मेडिकलमधून गोळी आणणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा चष्मा लावून रस्ता ओलांडणं.

आठ टक्क्यांची गोष्ट

इथवर जास्तीच्या तपासणीबद्दल बोलले. आता न झालेल्या तपासणीबद्दल.

डॉ. राणी बंग आणि आपल्या वर्ध्यात लहानाचे मोठे झालेले डॉ. अभय बंग गडचिरोलीत गेले आणि तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. हा अभ्यास फक्त गर्भवतींचा नव्हता, गावातल्या बायकांचा होता. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा निदान एक प्रकार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाचे संसर्ग. आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी आणि उपचार झालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के.

या अभ्यासाने जगाला एक गोष्ट दाखवून दिली. तोवर सरकारी कार्यक्रमांसाठी बाई म्हणजे पोट, म्हणजे बाळंतपण किंवा नसबंदी. तिला त्याव्यतिरिक्त दुखणं असू शकतं, आणि विचारलं तर ती सांगते, हे कुणी धरलंच नव्हतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. तिथे बाईला प्रत्यक्ष तपासलं गेलं. नुसता कागद मागवून कुणी निष्कर्ष काढले नाहीत.

आज बोरगाव मेघेतल्या बाईची अडचण वेगळी आहे. वर्धा शहर लागूनच, एकीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दुसरीकडे सावंगीचं रुग्णालय, शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय आणि खासगी प्रयोगशाळा. रिपोर्ट मिळणं सोपं झालं. पण पडदा ओढून, स्पेक्युलम लावून, स्राव डोळ्यांनी बघून झालेली तपासणी गर्दीच्या ओपीडीत अजूनही राहून जाते. तक्रार ऐकली, चिठ्ठी लिहिली, पुढची बाई. बाईही सुटल्यासारखं वाटून निघते, कारण तिलाही ती तपासणी नकोच असते. काडी पुढे गेली आणि तपासणी मागे राहिली.

खरं तर या तीन मुख्य आजारांची ओळख पटवायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एक स्पेक्युलम, पीएचची कागदी पट्टी, सलाइनचा एक थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची स्लाइड आणि टीबीचा बेडका बघितला जातो, तिथे सूक्ष्मदर्शक आहे आणि तो बघणारा तंत्रज्ञही आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी तक्रार असलेल्या प्रत्येक बाईला आडोसा, तपासणी आणि तिथल्या तिथे स्लाइड मिळाली पाहिजे, अशी मागणी तुम्ही-आम्ही केली पाहिजे. त्यातून ज्यांना कल्चर खरंच लागेल त्यांचंच पुढे पाठवता येईल.

सरकारी दवाखान्यातल्या रंगीत किटबद्दलही एक शब्द. अंगावरून जाण्यासाठी मिळणाऱ्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोलसोबत फ्लुकोनाझोलची गोळी असते. ही किट गर्भवती नसलेल्या बाईसाठी आहे. जावेला मिळालेली किट "मला पण तेच होतंय" म्हणून पोटुशीने घेऊ नये. आशाताईंना किंवा नर्सताईंना आधी सांगा, "मला दिवस गेलेत."

तुम्ही काय करायचं

तपासायला जाल तेव्हा चार गोष्टी सांगा: स्रावाचा रंग, वास, खाज-आग आहे का, आणि कधीपासून. लाजू नका, हे शब्द डॉक्टरांच्या रोजच्या कानावरचे असतात. बाई डॉक्टर हवी असेल किंवा सोबत कुणी हवं असेल तर तसं मागा, तो तुमचा हक्क आहे.

स्वॅब सांगितला तर विचारा: "हा कशासाठी? रिपोर्ट काही आला तर उपचार बदलणार आहे का?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. रिपोर्ट आल्यावर विचारा: "मला त्रास नाही, तरी औषध लागेल का?"

घरी तुरटीचं पाणी, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी साबण आत घालून धुऊ नका. त्याने राखण करणारे जंतूच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरेसं. शौचानंतर पुढून मागे धुवा. सुती अंतर्वस्त्रं उन्हात वाळवा. ती दोरीवर इतर कपड्यांच्या खाली दमट ठेवायची गरज नाही.

आणि काही वेळा स्वॅबची, रिपोर्टची, ९ तारखेची कशाचीच वाट बघायची नसते. पाण्यासारखं सतत झिरपत असेल आणि ते लघवी आहे की गर्भजल हे कळत नसेल. रक्त जात असेल. ताप आणि पोटात दुखणं असेल. घाण वासाचा स्राव आणि सोबत थंडी वाजत असेल. दिवस भरण्याआधी पोट थांबून थांबून कडक होत असेल. योनीवर दुखऱ्या पुटकुळ्या किंवा जखम असेल. किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा गर्भवतींसाठीच्या १०२ वर फोन करा.

बाकी वेळी रिपोर्टचा कागद घडी करून फाईलमध्ये ठेवा, गोळ्या विकत आणू नका, आणि पुढच्या तारखेला "माझी तपासणी करून मग सांगा" एवढं एक वाक्य म्हणा. ते म्हणणारी प्रत्येक बाई आपल्यामागे येणाऱ्या दुसरीची तपासणीही सोपी करत असते.